आधी ताकद, मग वजन: तंदुरुस्तीची सुरुवात नेमकी कुठून करायची

वजन कमी करायचं असं ठरवलं की बहुतेक जण आधी वजनकाट्यावर उभे राहतात आणि मग ताटातलं अन्न निम्म्यावर आणतात. पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो, हुरूप वाढतो. तिसऱ्या आठवड्यात तो हलायचं नाव घेत नाही, भूक छळते, चिडचिड होते आणि एके दिवशी सगळंच सुटतं. मग आपण स्वतःच्या इच्छाशक्तीला बोल लावतो. मला विचाराल तर इथे चुकलेला असतो तो क्रम.

या लेखातला क्रम वेगळा आहे. आधी शरीरात ताकद आणायची, झोप आणि जेवणाची घडी बसवायची आणि वजनाकडे त्यानंतर बघायचं. या महिन्यात किती किलो उतरतील हे आपल्या हातात नसतं. आज चाललो का, वेळेवर झोपलो का, नीट जेवलो का, हे असतं. शिवाय जिना चढताना दम लागेनासा झाला की स्वतःच्या शरीराबद्दल बरं वाटू लागतं, आणि हे बरं वाटणं काट्यावरच्या आकड्याच्या कितीतरी आधी येतं. त्याच्या जोरावरच माणूस पुढचे महिने टिकून राहतो.

पहिली पायरी: आज आपण कुठे आहोत

सुरुवातीला तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा: कमरेचा घेर, ३० सेकंदांत खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठता येतं ती संख्या, आणि वजन. महत्त्वही याच क्रमाने आहे.

कमरेचा घेर मोजताना पँटची कंबर मोजू नका. पोटावरचा कपडा बाजूला करून सरळ उभं राहा. कुशीत बोटांनी चाचपलं की शेवटच्या बरगडीची कड लागते आणि त्याच्या खाली कमरेच्या हाडाचा वरचा काठ. या दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप धरा. टेप सगळीकडून जमिनीला समांतर हवी, त्वचेला टेकलेली पण रुतलेली नको. सहज श्वास सोडा, पोट आत ओढू नका आणि आकडा वाचा. हा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. उंची १६० सेंटिमीटर असेल, तर घेर ८० च्या आत. पोटाच्या आत, अवयवांभोवती साठणारी चरबी मधुमेह आणि हृदयविकाराला जास्त निमंत्रण देते, म्हणून हा आकडा वजनापेक्षा अधिक बोलका आहे.

बीएमआय, म्हणजे किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, बहुतेकांना ठाऊक असतो. वजन ७० किलो आणि उंची १.६५ मीटर असेल तर तो २५.७ येतो. १८.५ ते २४.९ ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये धोका २३ पासूनच वाढू लागतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये नोंदवलं आहे. पण या सूत्राचा उगमही माहीत असावा. बेल्जियमचे गणिती अदॉल्फ केतले यांनी ते १८३० च्या दशकात मांडलं, तेव्हा त्यांचा अभ्यास मोठ्या लोकसमूहांच्या सरासरीचा होता. एकेकट्या माणसाचं आरोग्य जोखायला ते घडवलेलंच नव्हतं. चरबी किती आणि स्नायू किती हे त्याला कळत नाही. म्हणून बीएमआय बघा, पण त्यावरून स्वतःबद्दल निकाल देऊ नका.

पुढे जाण्याआधी रक्तदाब, रक्तातली साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घेतलेलं बरं. हृदयविकार असेल, चालताना छातीत दुखत असेल, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला आणि मगच आहार-व्यायामात बदल करा. काहीच बदललेलं नसताना वजन भराभर वाढत असेल तर थायरॉइड, पीसीओएस (स्त्रियांमधला संप्रेरकांचा, अंडाशयाशी संबंधित विकार) किंवा स्टेरॉइडसारखी औषधं कारणीभूत असू शकतात. अशा वेळी स्वतःला आळशी ठरवून मोकळं होऊ नका, तपासणी करा. आणि प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर ती आनंदाची बातमी समजू नका. तीही तपासून घ्यायची गोष्ट आहे.

ज्यांना कधी उपाशी राहण्याचा, खाऊन ओकण्याचा किंवा अनावर खाण्याचा त्रास झाला आहे, त्यांनी या लेखातला वजनकाटा आणि कॅलरींचा भाग सोडून द्यावा. चालणं, ताकद, झोप आणि नियमित जेवण एवढंच उचलावं, तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याने.

दुसरी पायरी: एक आठवडा काहीही बदलायचं नाही

सात दिवस फक्त लिहायचं: काय खाल्लं, किती वाजता आणि तेव्हा भूक होती की कंटाळा, राग, थकवा. कॅलरी मोजायच्या नाहीत. आठवड्याअखेरीला पान उलटून बघितलं की एक-दोन जागा आपोआप डोळ्यांत भरतात: दुपारचं जेवण टळलं की संध्याकाळी हात सुटतो, किंवा रात्री उशिरा स्क्रीनसमोर बसलं की तोंड चालू राहतं. दुरुस्ती तिथेच करायची आहे, सगळ्या आयुष्याची नाही.

तिसरी पायरी: चालणं

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस श्रमाचा व्यायाम करावा. मध्यम श्रम ओळखायची खूण सोपी आहे. चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. इतका वेग पुरतो.

सध्या अजिबात चालत नसाल तर दिवसाला दहा मिनिटांपासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटं मला सगळ्यात मोलाची वाटतात, कारण जेवणाने वाढणारी रक्तातली साखर तेव्हा स्नायू वापरून टाकतात. दिवसभर बसून काम असेल तर दर तासाला उठून दोन-तीन मिनिटं फिरा.

दिवसाला दहा हजार पावलांचा आकडा डोक्यावर घेऊ नका. तो १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून रूढ झाला. त्यामागे तेव्हा वैद्यकीय संशोधन नव्हतं. पुढे झालेल्या मोठ्या अभ्यासांत साठीच्या पुढच्यांना सहा ते आठ हजार आणि त्याहून तरुणांना आठ ते दहा हजार पावलांपर्यंत फायदा वाढत जातो आणि मग स्थिरावतो असं दिसलं. जो दोन हजार पावलं चालतो त्याने चार हजार केली तरी त्याचा लाभ मोठा आहे.

चौथी पायरी: ताकद

या पायरीवर मी सगळ्यात जास्त भर देईन, आणि हीच पायरी लोक सगळ्यात आधी गाळतात. चालण्याने घाम येतो म्हणून ते व्यायामासारखं वाटतं. स्नायूंचा व्यायाम मात्र शरीर कमावणाऱ्यांचा प्रांत समजला जातो. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. वर आपण कमी खाऊन वजन उतरवायला गेलो की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. काट्यावर आकडा उतरलेला दिसतो, पण माणूस गळाल्यासारखा होतो. आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा, तो यासाठी.

जिम लागत नाही. घरातली मजबूत खुर्ची, भिंत, जमिनीवर अंथरायला चटई आणि सामान भरलेली पिशवी एवढ्यावर पहिले तीन महिने आरामात निघतात. पाच व्यायाम पुरतात.

खुर्चीवरून उठबस. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही. पुढच्या कडेवर बसा, पावलं खांद्यांइतकी फाकवून गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या. छाती पुढे झुकवत टाचांवर जोर देऊन उठा, आणि बसताना धपकन न बसता मनात तीनपर्यंत मोजत खाली या. खरी मेहनत या बसण्यातच आहे. गुडघे आत वळत असतील तर ते पायाच्या मधल्या बोटाच्या दिशेने ठेवा. उठता येत नसेल तर खुर्चीवर एक घट्ट उशी ठेवा, उंची वाढली की जमतं. सोपं वाटायला लागलं की पिशवी छातीशी धरून करा.

भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून तळवे छातीच्या उंचीवर टेकवा आणि डोक्यापासून टाचेपर्यंत शरीर एका रेषेत ठेवून छाती भिंतीकडे न्या. जमू लागलं की भिंतीऐवजी ओटा किंवा भक्कम टेबल, आणि कालांतराने जमीन.

पिशवी ओढणं. एक हात खुर्चीवर टेकवून पुढे वाका, पाठ सपाट ठेवा, दुसऱ्या हाताने पिशवी बरगडीकडे ओढा. कोपर शरीराला लगटून जाऊ द्या. दिवसभर पुढे वाकून बसणाऱ्यांच्या पाठीला याची फार गरज असते.

उताणं झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं हा चौथा व्यायाम. आणि पाचवा, दोन्ही हातांत वजनदार पिशव्या घेऊन ताठ चालणं, हा मला विशेष आवडतो, कारण त्यात पकड, पोट, पाठ, पाय सगळं एकदम कामाला लागतं आणि रोजच्या जगण्यात तो लगेच उपयोगी पडतो.

प्रत्येकाच्या आठ ते बारा आवृत्त्या करा आणि अशा दोन फेऱ्या. जोर लावताना श्वास सोडा, कोंडून धरू नका; रक्तदाब असणाऱ्यांनी हे कटाक्षाने पाळावं. शेवटच्या दोन आवृत्त्या जड गेल्या पाहिजेत. बारा सहज व्हायला लागल्या की वजन किंवा अवघडपणा थोडा वाढवा. दर आठवड्याला जरासं पुढे सरकणं हेच ताकद वाढण्याचं मूळ आहे. तेच वजन, तेवढ्याच आवृत्त्या वर्षभर केल्या तर शरीर आहे तिथेच थांबतं. दोन सत्रांमध्ये एक दिवस मोकळा ठेवा.

दुसऱ्या दिवशी अंग आंबणं साहजिक आहे, दोन-तीन दिवसांत ते ओसरतं. सांध्यात टोचणारी, व्यायाम करताना वाढत जाणारी कळ मात्र वेगळी. तिथे तो व्यायाम थांबवा. साठी ओलांडलेल्यांनी यात तोल सांभाळण्याचा सराव जोडावा. ओट्याला हलका हात लावून एका पायावर दहा सेकंद उभं राहणं ही त्याची सुरुवात.

एक गैरसमज इथेच दूर करू. पोटाचे व्यायाम करून पोटावरची चरबी उतरत नाही. त्याने खालचे स्नायू घट्ट होतात, पण चरबी कुठून आधी कमी व्हायची ते शरीर ठरवतं.

पाचवी पायरी: ताट

उपासमार शरीराला आणि मनाला काय करते हे पाहायचं असेल तर मिनेसोटा विद्यापीठातला प्रयोग आठवावा. १९४४-४५ मध्ये तिथले संशोधक अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने त्यांच्या गरजेच्या निम्म्याच्या आसपास अन्न दिलं. त्यांना दिवसाला साधारण १६०० कॅलरी मिळत होत्या, म्हणजे आजच्या अनेक ‘डाएट’पेक्षा जास्तच. ती माणसं उदास झाली, चिडकी झाली, त्यांना सतत थंडी वाजायची, डोक्यात दिवसरात्र अन्नाचेच विचार, काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. पोटभर खायला मिळू लागल्यावरही अनेकांची भूक कित्येक आठवडे शमली नाही. कडक आहार सुटल्यावर ज्यांचा खाण्यावरचा ताबा जातो, त्यांच्यात काही कमी आहे असं नाही. शरीर त्याचं काम करत असतं.

म्हणून घट लहान ठेवा. दिवसाला ३०० ते ५०० कॅलरींची तूट पुरते. त्याने आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरतो, आणि हा वेग टिकतो. मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरले तरी रक्तदाब आणि साखर सुधारते. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत साखर काठावर असलेल्या लोकांना सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल एवढंच लक्ष्य दिलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ८० किलोच्या माणसासाठी सात टक्के म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. तारुण्यातलं वजन परत मिळवण्याची गरज त्यात कुठेच नव्हती.

तूट आणायची कशी? मोजत बसण्याऐवजी ताटाची रचना बदला. अर्धं ताट भाज्या आणि सॅलड, पाव ताट डाळी, कडधान्यं, अंडी, मासे, पनीर यांसारखी प्रथिनं, उरलेलं पाव ताट धान्य. आधी भाजी आणि प्रथिनांकडे हात जाऊ द्या. प्रथिनांनी पोट लवकर भरतं आणि स्नायू टिकतात. वजन उतरवताना दर किलो वजनामागे रोज १.२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळाली तर चांगलं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावं.

तेल-तुपाकडे थोडं बारकाईने बघा. एक ग्रॅम प्रथिनात किंवा पिष्टात चार कॅलरी असतात, स्निग्धात नऊ. एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळपास १२० कॅलरी. भांड्यात थेट बाटलीतून ओतण्याऐवजी चमच्याने मोजून घातलं, तर चवीत फरक न पडता दिवसाची निम्मी तूट तिथेच निघते. साखर घातलेली पेयं आणि फळांचे रस हेही असंच. ते पोटात जातात पण भूक भागवत नाहीत. फळ चावून खा.

पाकिटातल्या तयार खाण्याबद्दल २०१९ चा अमेरिकी संशोधक केव्हिन हॉल यांचा प्रयोग डोळे उघडणारा आहे. २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं, दोन्हींत वाढलेल्या अन्नातली साखर, मीठ, स्निग्ध आणि चोथा सारखा राखला आणि हवं तेवढं खायची मुभा दिली. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. त्यांना तसं ठरवून खायचं नव्हतं. त्यामुळे घरात काय आणून ठेवायचं, हा निर्णय ताटासमोर बसून संयम दाखवण्यापेक्षा फार सोपा आणि फार परिणामकारक ठरतो.

कुठलाही पदार्थ कायमचा बंद करू नका. जो आवडतो तो बसून, ताटलीत घेऊन, चव घेत खा. उभ्याने, चोरून खाल्लेल्या घासाने समाधान मिळत नाही, नुसती अपराधी भावना मिळते, आणि तीच पुढच्या खाण्याला ढकलते.

सहावी पायरी: झोप

प्रौढांना किमान सात तास झोप लागते. झोप तुटली की भूक वाढते आणि मन गोड-तेलकट मागतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या तरुणांची झोप तासाभराहून थोडी वाढवली, तर आहाराबद्दल काही न सांगताही ते रोज सरासरी २७० कॅलरी कमी खाऊ लागले. झोपायची वेळ ठरवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, दुपारनंतर चहा-कॉफी टाळा. घोरणं मोठं असेल आणि दिवसा पेंग येत असेल तर झोपेत श्वास अडखळण्याची तपासणी करून घ्या.

सातवी पायरी: काटा वाचायला शिकणं

पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरणारं वजन मुख्यतः पाण्याचं असतं. स्नायू आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी. खाणं घटलं की हा साठा रिकामा होतो, पाणी निघून जातं. एक दिवस व्यवस्थित जेवलं की परत येतं. खारट जेवण, पाळीच्या आधीचे दिवस, बद्धकोष्ठता, आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम यांनीही काटा किलो-दीड किलो वर-खाली होतो. यातला कुठलाही बदल चरबीचा नसतो.

म्हणून एका दिवसाच्या आकड्याला किंमत देऊ नका. सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा. पाळी असलेल्यांनी महिन्यातला तोच आठवडा मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडावा. कमरेचा घेर आणि खुर्चीची चाचणी महिन्यातून एकदा. वजन तेच आणि घेर कमी झाला असेल, उठबशा वाढल्या असतील, तर काम नीट चाललं आहे. आकडा बघून दिवस खराब जात असेल तर काटा उचलून कपाटावर ठेवा, टेप पुरते.

आठवी पायरी: आरसा, कपडे आणि माणसं

बारीक झाल्यावर स्वतःला आवडू लागू, असं धरून बसलेली माणसं बारीक झाल्यावर पुढची खोट शोधतात. हे काम वजन उतरायची वाट न बघता आजपासून करायचं आहे, आणि त्यालाही व्यायामासारखाच सराव लागतो.

कपाटापासून सुरुवात करा. घट्ट होणारे, ‘बारीक झाल्यावर घालू’ म्हणून जपलेले कपडे नजरेआड ठेवा. आजच्या मापाचे, नीट बसणारे दोन-चार कपडे घ्या. दिवसभर पोटाला काचणारी पँट दिवसभर आठवण करून देते की तुम्ही चुकीचे आहात. ती आठवण नको.

आरशासमोर नजर ज्या एकाच भागावर जाऊन अडते तिथे रेंगाळू नका, सगळ्या शरीराकडे बघा. आणि वहीत उठबशांच्या आकड्याखाली रोज एक ओळ लिहा, शरीराने आज काय केलं याची: जिन्याने न थांबता वर गेलो, मुलाला उचललं, गाढ झोप लागली. दिसण्याबद्दल नाही, करण्याबद्दल. काही आठवड्यांनी ती पानं वाचताना स्वतःकडे बघण्याची नजर हळूहळू बदललेली जाणवते.

ज्यांचे फोटो बघून मन खट्टू होतं त्यांना फॉलो करणं बंद करा. त्या फोटोंमागे निवडलेला कोन, प्रकाश आणि फिल्टर असतो.

वजनावरून टोमणे मारणारी माणसं बहुतेकांच्या आयुष्यात असतात, बऱ्याचदा जवळचीच. अशा बोलण्याने कोणी बारीक होत नाही. उलट हिणवली गेलेली माणसं व्यायाम टाळतात आणि जास्त खातात, हे संशोधनातून पुनःपुन्हा दिसलं आहे. एक वाक्य तयार ठेवा आणि शांतपणे म्हणा: “माझ्या वजनाबद्दल आपण बोलायला नको, बाकी काय चाललंय?” दर वेळी तेच वाक्य. आणि मुलांसमोर स्वतःच्या शरीराला नावं ठेवू नका; ती ऐकून मुलं त्यांच्या शरीराकडे त्याच नजरेने बघायला शिकतात.

आरशाचा विचार दिवसाचे तास खात असेल, त्यापायी लोकांत जाणं बंद झालं असेल, तर समुपदेशकाची मदत घ्या. हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

टिकवणं, अडकणं, पुन्हा उभं राहणं

सवय २१ दिवसांत लागते असं सांगतात. लंडनमधल्या २०१० च्या अभ्यासात एखादी कृती आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला याच्या कितीतरी पट जास्त. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नव्हतं. नवी सवय जुनीच्या शेपटीला बांधा: दात घासून झाले की दहा उठबशा.

काही महिन्यांनी वजन अडतं. लहान झालेलं शरीर कमी ऊर्जा खर्च करतं, आणि मापं नकळत सैल झालेली असतात. दोन आठवडे पुन्हा वहीत लिहा, चालणं थोडं वाढवा. जेवण आणखी कापायची घाई करू नका. उलट महिनाभर आहे ते वजन राखायचं असं ठरवलं तरी चालेल, राखणं हेही शिकावं लागतं.

वजन उतरवणारी इंजेक्शनं आता अनेकांच्या बोलण्यात असतात. काहींना त्यांचा खरोखर उपयोग होतो, पण ती तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. बंद केल्यावर बरंचसं वजन परत येतं. ती चालू असतानाही स्नायू राखायला प्रथिनं आणि चौथी पायरी लागतेच.

आजारपण, प्रवास, परीक्षा, घरातलं दुखणं यांत आठवडेच्या आठवडे जातात. परत सुरू करताना जिथे सोडलं तिथून उचलू नका. पहिल्या दिवशी निम्म्या आवृत्त्या, निम्मं अंतर; आजारपणानंतर असाल तर त्याहूनही कमी. दुसऱ्या आठवड्यात तीन-चतुर्थांश. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत बहुतेक जण जुन्या जागी येतात, कारण एकदा कमावलेली ताकद पहिल्या वेळेपेक्षा लवकर परत येते.